आईला सेंटरमध्ये ठेवलंय, मग आम्ही नुसती फळं न्यायची काय?

प्रश्न: ताई, आई ७९ वर्षांची, डिमेन्शिया, म्हणजे विसरण्याचा आजार आहे. रात्री कडी काढून बाहेर जायची, घरी जमेनाच, म्हणून सहा महिने झाले बेळगावच्या एका केअर सेंटरमध्ये ठेवलंय. भाऊ पुण्याला, मी रविवारी जाते. तिथल्या मुली सगळ्या कन्नड बोलणाऱ्या, आणि आई बाजारात फाडफाड कन्नड बोलायची ती आता विसरली. काही सांगायला गेलं की "आम्ही बघतो" म्हणतात. आम्ही काय करायचं?
एक वाचक, खानापूर

उत्तर: अगं, आई कन्नड बोलत नाही तो हट्ट नव्हे. डिमेन्शियात नंतर शिकलेली भाषा बरेचदा आधी निसटते, लहानपणीची मागे राहते. एका पुठ्ठ्यावर तिचे दहा-बारा शब्द लिही, पाणी, दुखतंय, पुरे, संडासला, पण कन्नड अक्षरांत, म्हणजे त्या मुलींना वाचता येतील, आणि समोर कन्नडमधला अर्थ, नीरु, नोवु, साकु असं. पलंगाजवळ लाव. खाली कुठल्या हाकेला वळते, चहा कसा लागतो, रात्री उठते ती कशाला, हेही लिही. त्या मुलींना हे कोण सांगणार, तुझ्याशिवाय?

मग एक काम मागून घे, रविवारचं जेवण मी भरवते म्हण. ताठ बसवायचं, घास लहान, गिळलेला बघून पुढचा, नंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. बेळगावचा गोड कुंदा न्यावासा वाटेल गं, पण शुगर असेल तर सिस्टरला विचारूनच, आणि खाताना ठसका लागत असेल तर डॉक्टरांना सांगायचंच. वेणी घालताना, पाय चोळताना टाचा आणि माकडहाड बघत जा, लाल डाग दाबला तरी फिका होत नसेल तर ती बेडसोअरची, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमेची सुरुवात, तेव्हाच दाखव.

आणि हे तर अजिबात सोडू नकोस. एक-दोन दिवसांत अचानक जास्त भ्रमायला लागली किंवा नुसती झोपूनच राहिली तर "वय झालं" हे ऐकून परत येऊ नकोस. लघवीचं इन्फेक्शन, पोट साफ नसणं, नवी गोळी, काहीही असू शकतं, त्याच दिवशी डॉक्टर बोलवायला लाव. हा फरक घरच्यांना आधी कळतो.

सेंटरशी बोलायला घरातलं एकच माणूस ठरवा, महिन्यातून एकदा भावाला फोनवर घेऊन सिस्टरबरोबर बसा. तरी ऐकत नसतील तर ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, १४५६७. पण आधी पुठ्ठा कर, येत्या रविवारीच ने.