वाचक विचारतात: स्कूल बोर्डाच्या उमेदवाराला काय विचारावं?

न्यू जर्सीतल्या बहुतेक स्कूल डिस्ट्रिक्टांमध्ये स्कूल बोर्डाची (गावच्या शाळांच्या कारभारावर देखरेख करणाऱ्या मंडळाची) निवडणूक नोव्हेंबरात, सार्वत्रिक निवडणुकीच्याच दिवशी होते. बॅलटवर पक्षाचं नाव नसतं, त्यामुळे उमेदवाराची पारख त्याच्या पत्रकावरूनच करावी लागते. यंदा त्याबद्दल बरेच प्रश्न आले. त्यांतले काही इथे घेतले आहेत.

आमच्या दारात पडलेल्या पत्रकात एका उमेदवाराची चार आश्वासनं आहेत: टॅक्स वाढू देणार नाही, वर्गातली मुलं कमी करीन, गणिताचा दर्जा वाढवीन आणि राज्याच्या परीक्षांचं ओझं उतरवीन. यातलं त्याच्या हातात किती? – एक पालक, मिडलसेक्स काउंटी

एकट्याच्या हातात काहीच नाही. बोर्ड साधारणपणे नऊ जणांचं असतं, मुदत तीन वर्षांची आणि मानधन शून्य. सभेत त्याचं एक मत. सभेबाहेर त्याला तुमच्याआमच्यापेक्षा जास्त अधिकार नाही. बोर्ड सदस्यांची आचारसंहिता कायद्यातच आहे. शाळा आपण चालवायच्या नाहीत, त्या नीट चालतात की नाही हे पाहायचं, असा तिचा अर्थ. शिक्षकाची नेमणूकसुद्धा सुपरिंटेंडंटच्या (डिस्ट्रिक्टच्या मुख्य अधिकाऱ्याच्या) शिफारशीशिवाय बोर्डाला करता येत नाही.

आता चौथं आश्वासन आधी खोडून टाका. तिसरी ते आठवी दरवर्षी भाषा आणि गणिताची परीक्षा घ्या, असं 2015 चा केंद्रीय कायदा सांगतो. कुठल्या इयत्तेत काय यावं, हे राज्याचं शिक्षण मंडळ ठरवतं. गावच्या बोर्डाला यात बोट घालता येत नाही. डिस्ट्रिक्ट स्वतःहून वर्षातून दोन-तीनदा ज्या चाचण्या घेतं, त्या मात्र कमी करता येतात. त्या कोणत्या, हे उमेदवाराला माहीत आहे का, ते विचारून बघा.

पहिली दोन आश्वासनं एकमेकांच्या मुळावर येणारी आहेत. 2010 च्या कायद्याने शाळेसाठीच्या प्रॉपर्टी टॅक्सची एकूण वसुली वर्षाला 2 टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. आरोग्य विमा, विद्यार्थीसंख्या अशा मोजक्या कारणांसाठी सूट आहे. त्यापलीकडे जायचं तर मतदारांपुढे वेगळा प्रश्न ठेवावा लागतो. समजा, तुमच्या डिस्ट्रिक्टची वसुली 20 कोटी डॉलर आहे. 2 टक्के म्हणजे 40 लाख. आता एका प्राथमिक शाळेत तिसरीच्या चार तुकड्या आहेत, प्रत्येकीत 26 मुलं, एकूण 104. तुकडीत 22 च्या आत मुलं हवीत तर पाचवी तुकडी काढावी लागेल. त्यासाठी एक शिक्षक आणि एक रिकामी खोली हवी. पहिली ते पाचवी, दहा शाळा, सगळीकडे हेच केलं तर 50 शिक्षक. पगार आणि विमा धरून माणशी एक लाख डॉलर पकडले, तरी 50 लाख झाले. वर्षाची सगळी वाढ संपून दहा लाख कमीच पडले, आणि अजून जुन्या शिक्षकांच्या पगारवाढीला हातही लागलेला नाही. शिवाय शिक्षक संघटनेशी झालेला करार अनेक वर्षांचा असतो, नव्या सदस्याच्या पहिल्या बजेटवर तो आधीच बसलेला असतो.

म्हणून विचारायचं ते असं: वर्ग लहान करायला सुरुवात कुठल्या इयत्तेपासून, आणि त्यासाठी कात्री कशाला? "वायफळ खर्च कमी करू" हे उत्तर नव्हे. खर्चाची बाब नाव घेऊन सांगता आली पाहिजे. प्रत्येक डिस्ट्रिक्टला बजेटचा सोपा गोषवारा वेबसाइटवर टाकावाच लागतो, त्यामुळे "आकडे मिळत नाहीत" ही सबब चालणार नाही.

"शून्य वाढ" म्हणणाऱ्याला आणखी एक विचारा. न वापरलेली वाढ डिस्ट्रिक्टला पुढची तीन वर्षं राखून ठेवता येते, नंतर ती बुडते. पुढच्या वर्षीचे 2 टक्के यंदाच्या वसुलीवर मोजतात, म्हणजे पायाच खाली राहतो. एक वर्ष टॅक्स न वाढवल्याची टाळी मिळते आणि तीन-चार वर्षांनी वाद्यवृंद नाही तर मिडल स्कूलचे खेळ बंद होतात. तोवर टाळी घेणाऱ्याची मुदत संपलेली असते.

(गणिताचं पुढे येतंच आहे.)

आमचं घर शाळेपासून पावणेदोन मैलांवर आहे, वाटेत चार लेनचा रस्ता. बस मिळत नाही. एक उमेदवार म्हणतो, निवडून आलो की पहिलं काम हेच. विश्वास ठेवावा का? – एक आई

कायद्याने बस द्यावीच लागते ती आठवीपर्यंत दोन मैलांपलीकडे आणि हायस्कूलला अडीच मैलांपलीकडे. अंतर मोजतात ते लोकांना खुल्या रस्त्याने किंवा पायवाटेने जवळात जवळ पडणारं. फोनवरचा नकाशा गाडीचा रस्ता दाखवतो, तो बहुतेकदा लांबचा असतो. आधी डिस्ट्रिक्टच्या वाहतूक विभागाला पत्र लिहून तुमचं अंतर कुठल्या मार्गाने मोजलं ते मागून घ्या. तुम्ही सीमेच्या अगदी जवळ असाल तर एखादं बंद फाटक किंवा खासगी पार्किंगमधून काढलेली वाट हिशेब बदलू शकते.

त्या अंतराच्या आत दिलेली बस म्हणजे डिस्ट्रिक्टची मेहेरबानी. तिला राज्याकडून पैसा मिळत नाही आणि बजेट आवळलं की सर्वांत आधी तीच जाते. तुमचा मुद्दा "रस्ता धोक्याचा आहे" हा. अशी बस देणाऱ्या डिस्ट्रिक्टला धोक्याच्या रस्त्यांबद्दल लेखी धोरण ठेवावं लागतं: वाहनांची संख्या, त्यांचा सरासरी वेग, पदपथ आहे की नाही, वगैरे. उमेदवाराला विचारा, आपल्या धोरणाच्या यादीत हा रस्ता आहे का, नसेल तर घालायला तो ठराव आणणार का?

आणखी एक अडचण आहे. एकच बस सकाळी आधी हायस्कूलची, मग मिडल स्कूलची, मग प्राथमिकची फेरी करते. एक फेरी वाढली तर कुठल्या तरी शाळेची घंटा पंधरा-वीस मिनिटं सरकते, आणि मग दुसऱ्याच पालकांची गर्दी सभेला येते. वेळापत्रकाचा उल्लेख न करता बस देऊ म्हणणाऱ्याने विचार केलेला नाही असं खुशाल समजा. आणि पदपथ व चौकातला गार्ड बोर्डाकडे नाही, टाउनशिपकडे मागायचा.

मुलगी पाचवीत आहे, गणितात पुढे आहे. एक उमेदवार "गुणवत्ता" म्हणतो, दुसरा "समान संधी". दोघांचंही पटतं, पण नेमकं कळत काहीच नाही. – एक वाचक, सॉमरसेट काउंटी

शब्द सोडा, नियम विचारा. 2020 च्या राज्य कायद्याप्रमाणे हुशार मुलांची निवड बालवाडीपासून बारावीपर्यंत चालू राहिली पाहिजे, ती एकाच परीक्षेवर करता येत नाही, आणि निकष वेबसाइटवर द्यावे लागतात. कायदा पाळला जात नसेल तर बोर्डाकडे लेखी तक्रार करता येते, पुढे राज्याच्या शिक्षण आयुक्तांकडे अपील.

प्रत्यक्षात गाडं अडतं ते सहावीच्या तोंडाशी. आठवीत अल्जेब्रा झालं तर नववीत जॉमेट्री, दहावीत अल्जेब्रा दोन, अकरावीत प्रीकॅल्क्युलस आणि बारावीत कॅल्क्युलस असा सरळ क्रम लागतो. पाचवीच्या अखेरीस गणिताचा वरच्या पातळीचा वर्ग हुकला तर मधल्या एखाद्या वर्षी दोन विषय एकत्र करावे लागतात नाही तर सुट्टीत कोर्स. तेव्हा दोन्ही उमेदवारांना हे विचारा: सहावीनंतर, सातवीतही वरच्या वर्गात जाता येईल का? त्यासाठी शाळेतच तयारी करून घेणार, की बाहेरच्या क्लासवाल्यांचीच मुलं पुढे जाणार? "गुणवत्ता"वाला काय आणि "समान संधी"वाला काय, त्यांची खरी भूमिका इथे उघडी पडते.

तुमच्या मुलीचं काम मात्र शिक्षक, मग मुख्याध्यापक, मग सुपरिंटेंडंट याच वाटेने न्या. "मी बघतो, तिला घालून देतो" म्हणणारा बोर्ड सदस्य आचारसंहिता मोडतोय. आपला मराठी माणूस आहे म्हणून त्याला गळ घालू नका, त्याचीच पंचाईत होईल.

"शाळेतली अश्लील पुस्तकं काढून टाकू" असं एक गट सांगतोय. – एक वाचक

डिसेंबर 2024 मध्ये राज्याने याबद्दल कायदा केला. पुस्तक निवडायचं आणि त्यावरची हरकत ऐकायची लेखी पद्धत प्रत्येक बोर्डाला ठरवावी लागते. लेखक कोण किंवा त्याचं मत काय, एवढ्यावरून पुस्तक काढता येत नाही. लैंगिक शिक्षणाचा एखादा भाग तुमच्या श्रद्धेविरुद्ध वाटत असेल तर मुख्याध्यापकांना लेखी कळवून आपल्या पाल्याला त्यातून वगळता येतं. त्याला निवडणुकीची गरज नाही.

मराठी शाळेत शिकलेल्या मुलांना हायस्कूलचं श्रेय मिळावं म्हणून उमेदवारांकडे मागणी करावी का? – मराठी शाळेच्या एक शिक्षिका

जरूर. इथे बोर्डाचा शब्द खरोखर चालतो. राज्याचा द्विभाषिकतेचा शिक्का (सील ऑफ बायलिटरसी, म्हणजे इंग्रजीखेरीज दुसरी भाषाही येते अशी अधिकृत नोंद) 2016 पासून आहे, पण डिस्ट्रिक्टने त्यात भाग घेतलेला असावा लागतो. मराठीची परीक्षा उपलब्ध आहे. वाचन, लेखन, श्रवण, संभाषण या चारही अंगांत मध्यम पातळीची मधली पायरी (इंटरमिजिएट-मिड) गाठावी लागते. घरी बोलणारी आपली मुलं अडखळतात ती लेखनात, तेव्हा आठवीपासून देवनागरी लेखनाचा सराव करून घ्या.

आमच्याकडे अजून ग्रीन कार्डच आहे. मत नाही, मग आमचं कोण ऐकणार? – एक जोडपं

टॅक्स तुम्हीही भरता आणि सभेत बोलण्याचा हक्क तुम्हालाही आहे. प्रत्येक जाहीर सभेत लोकांसाठी वेळ राखावा लागतो, बहुतेक ठिकाणी माणशी तीनएक मिनिटं. चूक होते ती वेळेची. बजेटची जाहीर सुनावणी एप्रिलअखेरीस किंवा मेच्या सुरुवातीला असते, आणि हॉल तेव्हा भरतो. पण कच्चं बजेट मार्चमध्येच काउंटीकडे गेलेलं असतं. बस, शिक्षक, वाद्यवृंद, जे काही मागायचं ते जानेवारी-फेब्रुवारीच्या सभेत मागा, आणि तेच लेखी सुपरिंटेंडंटलाही द्या.