तेलवाहिनीचे सैल झालेले बूच पुन्हा ठोकून बसवावे का?

प्रश्न : वडिलांची जुनी अ‍ॅम्बॅसिडर (१४८९ सीसी, पेट्रोल) पुन्हा रस्त्यावर आणायची म्हणून इंजिन पूर्ण उघडले आहे. ब्लॉक कॉस्टिकमध्ये उकळून आणल्यावर तेलाच्या मुख्य वाहिनीच्या टोकांना ठोकून बसवलेल्या बुचांपैकी एक बोटाने फिरते, दुसरे तर आपोआप निघाले. मिस्त्री म्हणतात, इपॉक्सी लांबी लावून तीच बुचे ठोकू. हे टिकेल का? – एक वाचक, खानापूर

उत्तर : कृपया तसे करू नका. या वाहिनीत गाडी चालताना साधारण ३ ते ४ किलोचा दाब असतो, तेल तापलेले असते आणि तेलाने माखलेल्या बिडावर लांबी नीट धरत नाही. शिवाय तिचा एखादा तुकडा सुटून आत गेला, तर तो थेट बेअरिंगच्या छिद्राशी जाऊन अडकतो. त्याहून मोठा धोका असा, की ही गळती दिसत नाही. टायमिंग कव्हरच्या (इंजिनाच्या पुढच्या टोकाला टायमिंग चेनवर असलेल्या झाकणाच्या) आतले बूच सुटले, तर तेल पुन्हा खालच्या चेंबरमध्येच पडते, जमिनीवर थेंबही येत नाही, आणि इंजिन तापल्यावर फक्त प्रेशर उतरते. एका जीपच्या इंजिनात मी स्वतः याच कारणासाठी दोन वेळा तेलपंप बदलला आणि मग कुठे कव्हर उघडून पाहिले. मालकाचे पैसे व्यर्थ गेले, याचे मला आजही वाईट वाटते. मागच्या, फ्लायव्हीलकडच्या टोकाला गळती झाली, तर मागचे सील खराब झाले असा समज होतो आणि क्लच प्लेट तेलात भिजते.

योग्य उपाय म्हणजे छिद्र सरळ करून त्यात निमुळते आटे पाडणे आणि आट्यांचे पोलादी बूच बसवणे. हे काम हातातल्या ड्रिलने करू नये. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एखाद्या मशीन शॉपमध्ये ब्लॉक नीट बांधून ते करून घ्या, आणि टॅप (आटे पाडायचे हत्यार) व बूच एकाच जातीचे आहेत ना, हे स्वतः विचारा. १/८ इंचाच्या बीएसपीटी (ब्रिटिश पद्धतीच्या निमुळत्या) आट्यांत एका इंचात २८ आटे असतात, तर एनपीटीत (अमेरिकन पद्धतीच्या) २७. कोनही अनुक्रमे ५५ आणि ६० अंशांचे. बूच दोन-तीन फेरे सहज जाते, म्हणून जुळले असे वाटते, पण ते पुढे अडते किंवा पाझरत राहते. निमुळते बूच पाचरीसारखे काम करते आणि बीड ताणाला कमकुवत असते, तेव्हा जास्त जोर लावल्यास ब्लॉकला तडा जाईल. बूच फार आत गेल्यास आडव्या वाहिनीचे तोंडही बंद होऊ शकते. त्यासाठी आधी कोरडे बसवून तार घालून खोली तपासावी आणि गरज असल्यास बूच आखूड करून घ्यावे. बाहेरच्या बाजूला ते टायमिंग चेनला किंवा मागच्या प्लेटला लागता कामा नये.

आटे पाडल्यानंतरची सफाई हे माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचे काम आहे. वाहिनीची सगळी बुचे काढलेली असतानाच लांब दांड्याचा ब्रश रॉकेलमध्ये बुडवून प्रत्येक मार्गातून फिरवा, मग हवा मारा, आणि पांढरे फडके काळे येणे थांबेपर्यंत हे पुन्हा पुन्हा करा. बिडाचा बारीक कीस नव्या बेअरिंगवर चरे पाडतो. खानापूरच्या पावसाळी हवेत उघडे बीड एका रात्रीत गंजते, म्हणून लगेच तेलाचा हात फिरवावा.

बूच बसवताना टेफ्लॉन टेप वापरू नये, तिचे धागे वाहिनीत जातात. आट्यांसाठीचे अ‍ॅनएरोबिक (हवा न लागता घट्ट होणारे) सीलंट पहिला आटा सोडून लावावे.

टायमिंग कव्हर आणि फ्लायव्हील चढवण्यापूर्वी प्रेशर गेजच्या छिद्रातून हातपंपाने तेल दाबून भरा. बेअरिंगांच्या कडांतून तेल ठिबकेल, ते ठीक आहे. बुचांभोवती मात्र फडके कोरडेच राहिले पाहिजे. तिथे ओल दिसली, तर बूच काढून पुन्हा बसवा, कारण चोर्ल्याच्या घाटात प्रेशर उतरले, तर तेच बूच गाठण्यासाठी इंजिन पुन्हा खाली उतरवावे लागेल.