बाप्टिस्ट विद्यापीठ आता फक्त नावापुरते उरले आहे का?

आपल्या मुलीला टेक्सासमधील बेलर या बाप्टिस्ट (म्हणजे एका प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या) विद्यापीठात पदवीसाठी प्रवेश मिळाला आहे. घरातले काहीजण ‘तिला बायबल शिकायला लावतील’ म्हणून धास्तावले आहेत, तर काहीजण ‘आता ते बाप्टिस्ट वगैरे नावापुरतेच’ म्हणून धीर देत आहेत, असे आपण लिहिले आहे. मी बेलरचा विद्यार्थी नाही, पण दक्षिणेतल्याच, बाप्टिस्टांनी स्थापन केलेल्या दुसऱ्या एका विद्यापीठात शिकलो आहे आणि घरचा हा वाद मला चांगला आठवतो. व्हिसा, बँकेचे कर्ज आणि वसतिगृह यांविषयी येथे पुष्कळ लिहून झाले असल्याने ते सोडून देतो.

धीर देणाऱ्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही; बाप्टिस्टांशी जोडलेली दक्षिणेतील इतर काही विद्यापीठे पाहा. रिचमंड विद्यापीठाला 1969 मध्ये उद्योगपती क्लेबॉर्न रॉबिन्स यांनी 5 कोटी डॉलरची देणगी दिली आणि तेथून व्हर्जिनियातील बाप्टिस्टांची पकड सैल होत गेली. वेक फॉरेस्ट 1986 मध्ये आणि फर्मन 1992 मध्ये आपापल्या राज्यातील बाप्टिस्ट संघटनेपासून वेगळे झाले. बेलमाँटला तर 2007 मध्ये टेनेसीच्या बाप्टिस्टांना 1 कोटी 10 लाख डॉलर देण्याचे कबूल करून काडीमोड घ्यावा लागला. मात्र या यादीत बेलरला सरसकट बसवणे चुकीचे ठरेल. 1979 पासून सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शन या बाप्टिस्ट चर्चच्या देशव्यापी संघटनेत कट्टर गटाची सरशी होऊ लागली होती; उद्या हेच लोक आपल्या विश्वस्त मंडळावर बसतील या भीतीने, हर्बर्ट रेनॉल्ड्स विद्यापीठाचे अध्यक्ष असताना 1990 मध्ये बेलरने आपली सनद बदलली आणि पुढे राज्यातील बाप्टिस्ट संघटनेकडे मंडळाच्या केवळ एक चतुर्थांश जागा राहिल्या. म्हणजे हा बदल धर्म सोडण्यासाठी नव्हता, तो कोणत्या बाप्टिस्टांच्या हाती राहायचे यासाठी होता. त्यानंतर 1994 मध्ये तेथे ट्रुएट सेमिनरी (धर्मोपदेशक घडवणारी शाळा) सुरू झाली आणि आवारातील नृत्यबंदी 1996 मध्ये उठली. दोन वर्षांच्या अंतराने घडलेल्या या दोन गोष्टी एकत्र वाचल्या, तर त्या विद्यापीठाचा स्वभाव बराचसा कळतो.

आपल्याकडे विल्सन किंवा झेवियर्समध्ये शिकलेल्यांना मिशनचे नाव पाटीवर असले तरी पदवी मुंबई विद्यापीठाची असते, हे सवयीचे आहे. अमेरिकेतील खासगी विद्यापीठ मात्र पदवीचे नियम स्वतःच करते. बेलरमध्ये पदवीच्या विद्यार्थ्याला ख्रिस्ती धर्मग्रंथ आणि ख्रिस्ती परंपरा असे दोन अभ्यासक्रम, शिवाय दोन सत्रे चॅपल (प्रार्थनासभेला हजेरी), हे पूर्ण करावे लागत आले आहे.

माझा खरा मनस्ताप नेमका येथेच झाला. मी दुसऱ्या कॉलेजातून बदली घेऊन आलो होतो. आधी केलेला तत्त्वज्ञानाचा अभ्यासक्रम धर्माच्या विषयाऐवजी चालेल, असे सल्ला देणाऱ्या कार्यालयाने मला तोंडी सांगितले. ‘आम्ही आता कन्व्हेन्शनचे नाही, त्यामुळे एवढे ताणून धरत नाही’, हेही वर ऐकवले. शेवटच्या वर्षी संगणकावर पदवीचा तपशील उघडला, तेव्हा बाकी सर्व ओळींपुढे हिरवी खूण आणि धर्माच्या ओळीपुढे ‘अपूर्ण’ असा लाल शेरा होता. सल्लागारांनी रजिस्ट्रारकडे, रजिस्ट्रारने धर्मविभागाकडे आणि धर्मविभागाने पुन्हा सल्लागारांकडे पाठवले. ज्यांनी तोंडी सांगितले होते ते गृहस्थ नोकरी सोडून गेले होते. अखेर उन्हाळी सत्राची फी भरून मी तो एक अभ्यासक्रम पूर्ण केला, आणि ठरलेली नोकरी लांबली ती वेगळीच. विश्वस्त कोण निवडतो यावर अभिमानाने बोलणाऱ्या संस्थेला स्वतःच्या पदवीचे नियम धड सांगता येऊ नयेत, याचा राग मला अजून आहे.

म्हणून माझे मत असे की इतिहासापेक्षा ‘कॅटलॉग’ (विद्यापीठाची अभ्यासक्रम व नियमांची पुस्तिका) वाचावा, आणि तोही मुलगी ज्या वर्षी दाखल होईल त्या वर्षीचा, कारण सहसा त्याच वर्षीचे नियम तिला शेवटपर्यंत लागू राहतात. कोणतीही सवलत ईमेलवर लिहून घ्यावी. नियम बदलत असतात आणि मी विद्यापीठाचा प्रतिनिधी नाही, तेव्हा माझा शब्दही अंतिम समजू नये.

धर्मांतराची भीती मला अनाठायी वाटते. मी केलेला अभ्यासक्रम म्हणजे वाचन, टिपणे आणि परीक्षा एवढाच होता, आणि वर्गात आम्ही हिंदू, मुसलमान, नास्तिक असे सर्वच होतो. त्यापेक्षा घरात कोणी वाचत नाही ते आचारसंहितेचे पान मुलीने स्वतः वाचावे. लैंगिक संबंध स्त्री-पुरुषांच्या विवाहातच असावेत, अशी बेलरची अधिकृत भूमिका आहे. ती तिला पटते का, चार वर्षे तिच्या छायेत राहणे तिला जमेल का, हे तिने ठरवायचे आहे, काका-मामांनी नाही. जायचे ठरलेच, तर धर्माचे दोन्ही विषय आणि चॅपल पहिल्या दोन वर्षांत उरकून घ्यायला सांगा. शेवटच्या वर्षी प्रयोगशाळेच्या वेळा आणि ही सत्रे यांचा मेळ बसवणे फार जिकिरीचे होते.