कावळ्यात आबा होते का?

प्रिय रेवा,

आबांच्या दहाव्याहून घरी आल्यावर तू पाठवलेला लांबलचक मेसेज वाचला. खेडीघाटावर पिंड मांडला, बराच वेळ एक कावळा फिरकेना, गुरुजी दर्भाचा कावळा करायला निघाले, तेवढ्यात काका हात जोडून म्हणाले, "आबा, ग्रंथालयाची पुस्तकं उद्याच परत करतो," आणि कावळा आला. त्यावर तुझा प्रश्न असा, की कावळ्यात आबा होते का? माणसात देहाहून वेगळा आत्मा असतो का? आजी म्हणते असतो, दादा म्हणतो सगळं थोतांड आहे, आणि तुझी मैत्रीण म्हणते की आत्म्याचं वजन २१ ग्रॅम भरतं. आई, तू डॉक्टर आहेस, तर तू सांग.

आधी माझं उत्तर सांगते, म्हणजे तू शेवटपर्यंत ताटकळायला नको. कावळ्यात आबा नव्हते. देह गेल्यावर मागे उरणारा, देहावाचून चालू शकणारा आत्मा असतो, असं मला वाटत नाही. पण म्हणून आजी चुकली आणि दादा जिंकला, असंही नाही. दादाला सांग, भिया, थोतांड म्हणायला अक्कल लागत नाही, आधी काय चाललंय ते बघ. कारण दहा दिवस आपल्या घरात जे चाललं होतं, त्यात आत्मा देहावाचून राहिलेला मला तर कुठेच दिसत नाही.

मुक्तिधामात बाबांनी खांद्यावर पाण्याचं मडकं घेऊन फेऱ्या मारल्या आणि एका दगडाने त्याला भोकं पाडली, ते आठवतं? तो दगड टाकून देत नाहीत. त्याला अश्मा म्हणतात, बायका जीवखडा म्हणतात. इकडे देह जळतोय आणि तिकडे लगेच आबांना त्या दगडात बोलावलं. पुढे जे तिळाचं पाणी द्यायचं ते त्या दगडावर. मग घरी, जिथे माणूस गेला तिथे दिवा, खाली पीठ पसरायचं, वर टोपली झाकायची आणि सकाळी पिठात कसली पावलं उमटली ते बघायचं. मी तुझ्या वयाची असताना आमच्याकडे पिठात पाखराचा पाय निघाला होता आणि सगळ्या बायका तो निरखत बसल्या होत्या. माझ्या मते झुरळ होतं.

आणि पिंड. ते कशासाठी असतात, हे कुणी तुला सांगितलं नसेल. गरुडपुराणात म्हटलंय की माणूस गेला की त्याच्याजवळ देह उरत नाही, म्हणून मुलाने त्याला रोज एका पिंडाने नवा देह घडवून द्यायचा. पहिल्या दिवशीच्या पिंडाने डोकं, दुसऱ्याने मान आणि खांदे, तिसऱ्याने हृदय, असं करत करत दहाव्या दिवशी भूक आणि तहान. हातभर उंचीचा देह होतो म्हणतात. आता कुणाला दहा दिवस सवड नसते, म्हणून दहाही एकदम देतात, पण हिशेब तोच. म्हणजे बघ, ज्या लोकांनी ठामपणे सांगितलं की आत्मा वेगळा आणि देह वेगळा, त्यांनीच त्या आत्म्याला आधी दगड दिला, मग भाताचा देह दिला, मग कावळ्याची चोच. नुसता, उघडा आत्मा त्यांनाही कल्पता आला नाही. भूक लागायला पोट हवं, हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं.

आपल्या इंदूरचीच एक गोष्ट सांगते. अहिल्याबाईंचा मुलगा मालेराव गादीवर आला आणि १७६७ साली वर्षाच्या आत वारला. जॉन माल्कम नावाचा ब्रिटिश अधिकारी नंतर माळव्यात होता. त्याने १८२३ साली छापलेल्या ग्रंथात त्या वेळी लोकांच्या तोंडी असलेली हकीकत दिली आहे. मालेरावाने संशयावरून एका कशिदाकाराला मारलं, तो निरपराध निघाला, आणि मग मालेरावाच्या डोक्यावर परिणाम झाला. लोक म्हणाले, कशिदाकाराने झपाटलंय. अहिल्याबाई मुलाच्या उशाशी बसून त्या भुताशी बोलायच्या, देऊळ बांधते, तुझ्या घरच्यांना जहागीर देते, माझ्या पोराला सोड. उत्तर यायचं, नाही, त्याने मला विनाकारण मारलं. पण हे उत्तर येत कुठून होतं? मालेरावाच्याच तोंडून. मेलेला कशिदाकार बोलला तोही जिवंत माणसाची जीभ घेऊन. आज मानसोपचाराचा डॉक्टर त्या खोलीत गेला असता तर त्याने पश्चात्तापाने खचलेला एक तरुण पाहिला असता. त्या आईचे हाल मात्र दोन्ही बाजूंनी तेवढेच.

आता आजीची बाजू. हे पत्र तिला वाचून दाखवशील तेव्हा ती म्हणेल, तुझ्या आईला आत्मा म्हणजे काय तेच कळलेलं नाही, आणि शास्त्राप्रमाणे तिचं बरोबर आहे. वेदान्तात आत्मा कुठे जातही नाही आणि येतही नाही. सगळीकडे आहे तो जाणार कुठे? जातो तो सूक्ष्म देह, म्हणजे लिंगदेह. पाच ज्ञानेंद्रियं, पाच कर्मेंद्रियं, पाच प्राण, मन आणि बुद्धी मिळून सतरा गोष्टींचं गाठोडं. तेव्हा कावळ्याला शिवायला लावणारा जो कुणी असेल तो आत्मा नव्हेच. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात जुनी वस्त्रं टाकून नवी घेण्याचा श्लोक आहे, तो आजी तुला म्हणून दाखवेल. पण मला त्या गाठोड्याचंच नवल वाटतं. तिथेही देह आलाच, फक्त बारीक.

हा वाद इंग्रजी शाळेत शिकलेल्यांनी उकरून काढलेला नाही, हे दादाला मुद्दाम सांग. कठोपनिषदात नचिकेत नावाचा तुझ्याच वयाचा मुलगा यमाच्या दारात जाऊन हाच प्रश्न विचारतो, की माणूस मेल्यावर काही लोक म्हणतात तो असतो, काही म्हणतात नसतो, खरं काय? यम आधी टाळतो. म्हणतो, देवांनाही याचा संशय होता, दुसरं काहीही माग. आणि चार्वाक तर सरळ म्हणत होते की धान्य आंबवलं की त्यात नशा येते, आधी कुठल्याच दाण्यात ती नसते, तशी देहात जाणीव येते. देहाची राख झाल्यावर परत यायचं कुणी? बुद्धाने वेगळाच रस्ता धरला, की कायम टिकणारा ‘मी’ असा शोधूनही सापडत नाही.

बुद्धाच्याच परंपरेतल्या एका सुत्तात, म्हणजे पाली भाषेतल्या प्रवचनात, तुझ्या मैत्रिणीच्या २१ ग्रॅमचं उत्तर आहे. पायासी नावाचा एक सरदार आत्मा मानत नसे. त्याने एका चोराला जिवंतपणी तोललं, मग मारून तोललं. मेल्यावर वजन कमी तर झालं नाहीच, उलट तो जड भरला, म्हणजे आत नव्हतंच काही, असं त्याचं म्हणणं. समोरचा भिक्खू म्हणाला, तापलेला लोखंडाचा गोळाही थंड गोळ्यापेक्षा हलका आणि मऊ असतो. (हेही बरोबर नाही, लोखंड तापवून हलकं होत नाही. पण वाद छान रंगलाय.) मग थेट १९०१ च्या सुमारास अमेरिकेतल्या हेवरहिल गावच्या डंकन मॅकडुगल या डॉक्टरने मरायला टेकलेले सहा रोगी खाटेसकट काट्यावर ठेवून तेच केलं. त्यातल्या एकाच्या मृत्यूच्या वेळी पाऊण औंस, म्हणजे साधारण २१ ग्रॅम, घट दिसली. बाकीच्यांची मापं एकमेकांशी जुळली नाहीत, दोन तर त्याने स्वतःच बाद केली. मग १५ कुत्रे तोलले, त्यांचं वजन घटलं नाही, म्हणून त्याने ठरवलं कुत्र्यांना आत्मा नसतो! एका रोग्याचा एक आकडा शंभर वर्षं जगभर फिरतोय आणि आता तुमच्या वर्गात पोचला. ही मोजणी मी मुळीच धरणार नाही, आणि पायासीचीही नाही. गंमत म्हणजे दोघांनी एकच काटा वापरला, एकाला आत्मा नाही असं सिद्ध करायचं होतं आणि दुसऱ्याला आहे असं.

मग मला नाही असं का वाटतं? माझ्या कामामुळे. इथे लीड्समध्ये मी दिवसभर लोकांना भूल देते. शिरेतून पांढरं दुधासारखं औषध जातं, माणूस आपल्या नातवाबद्दल सांगत असतो, आणि मिनिटभराच्या आत वाक्य अर्धवट राहून तो नाहीसा होतो. हृदय चालू असतं, श्वास आम्ही देतो, पण ज्याच्याशी मी बोलत होते तो नसतो. किती औषधाने तो जाईल हे मी साधारण त्याच्या वजनावरून आणि वयावरून ठरवते. जे मला मिलिग्रॅममध्ये मोजून बंद करता येतं आणि मोजून परत आणता येतं, ते देहाहून स्वतंत्र आहे असं मानणं मला जड जातं.

वेदान्ती लोकांचा याच जागी एक फार हुशार मुद्दा आहे, आजीनेच तो मला लग्नानंतर पहिल्या वर्षी ऐकवला होता. गाढ झोपेतून उठलेला माणूस म्हणतो, ‘छान झोपलो, काही कळलं नाही.’ काही कळलं नाही हे कुणाला कळलं? झोपेतही कुणीतरी साक्षी जागा असणारच. यावर माझ्याजवळ बरीच वर्षं उत्तर नव्हतं. पण भुलेतून उठणारे पुष्कळ जण ‘छान झोपलो’ म्हणतच नाहीत. ते विचारतात, ‘कधी सुरू करणार?’ चार तास त्यांच्या दृष्टीने झालेलेच नसतात. काही जण म्हणतात की मस्त झोप झाली, ती माझ्या मते जागं होतानाची गुंगी. तो साक्षी तिथे असता तर त्याला निदान वेळ गेल्याचं कळलं असतं.

आजी म्हणेल, बल्ब गेला म्हणून वीज गेली असं नाही. हे बल्बचं मी मान्य करते, पण अर्धंच. मेंदू बिघडल्यावर माणूस नुसता मंद झाला असता तर ते पटलं असतं. १८४८ साली अमेरिकेत रेल्वेमार्गावर काम करणाऱ्या फिनिअस गेज नावाच्या मुकादमाच्या गालातून कवटीबाहेर एक मीटरहून लांब लोखंडी सळई आरपार गेली. तो वाचला, चालत होता, बोलत होता, पण ओळखीचे म्हणू लागले, हा आमचा गेज नव्हे, इतका तो शिवराळ आणि धरसोड्या झाला. पुढे तो पुष्कळ सावरला, दक्षिण अमेरिकेत घोडागाडीही हाकली, ते सहसा कुणी सांगत नाही. आणि गेज कशाला, आपले आबा. अर्धांगाच्या झटक्यानंतरचं वर्षभर तू पाहिलंस. ज्यांनी कधी आवाज चढवला नाही ते आजीवर ताट भिरकवायला लागले. पुढे गेलेला आत्मा यातला कुठला, सायकलवरून सराफ्यात नेऊन तुला जिलबी खाऊ घालणारा की ताट फेकणारा? आजीला हा प्रश्न विचारू नकोस. मी तो विचारते आणि माझ्यापुरतं उत्तर काढते की दोन्ही आबा त्यांच्या मेंदूचेच होते, आणि ताट फेकणाऱ्या आबांबद्दल राग धरायचं कारण नाही.

दादाला मात्र एवढं खुलेपणाने सांगायला हवं, की या सगळ्यानंतरही मेंदूतल्या पेशींमधून ‘मला जिलबी गोड लागते’ हे वाटणं कसं निघतं, ते अजून कुणालाही सांगता आलेलं नाही. मी जाणीव घालवते आणि आणते, पण ती कशी होते हे मला सांगता येत नाही. आजीच्या बाजूला तेवढी जागा शिल्लक आहे.

आता कावळा. तुला वाटलं की आई नाही म्हणाली म्हणजे ते सगळं बंद. तसं नाही. कावळा शिवेना तेव्हा लोक काय करत होते, ते तूच लिहिलंयस. आत्या म्हणाली, आजीला एकटीला ठेवणार नाही असं सांगा. कुणी म्हणालं, अंगणातल्या रातराणीचं सांगा. कोपऱ्यात दोघे जण आबांनी उसने दिलेले पैसे आठवून खजील झाले. सगळे मिळून आबांना काय हवं होतं ते आठवत होते, आणि मोठ्याने, सगळ्यांदेखत कबूल करत होते. ते कबूल करून घेणारा न्यायाधीश कावळा असला तरी मला चालतो. पुढे बाराव्याला सपिंडी झाली असेल. त्यात आबांच्या पिंडाचे तीन भाग करून ते पणजोबा, खापरपणजोबा आणि त्यांच्या वडिलांच्या पिंडात मिसळतात. त्या दिवसानंतर विधीच्या दृष्टीनेही आबा एकटे, सुटे राहत नाहीत, ते पितरांत मोडतात. मला हा भाग सगळ्यात आवडतो, आणि यात आत्मा मानायची गरज आहे की नाही, हे मला अजून नक्की सांगता येत नाही.

ग्रंथालयाची पुस्तकं काकांनी खरंच परत केली का, ते बघ. त्यांचा ‘उद्या’ मला माहीत आहे.

आणि भुलेचा तो मुद्दा आजीला माझ्या शब्दांत नीट सांग, तिच्याजवळ उत्तर असणार. ती बहुतेक म्हणेल की साक्षीला काळ नसतोच, मग वेळ गेल्याचं त्याला कळेल कसं? तसं म्हणाली तर रविवारी फोन तिच्या हातात दे.

तुझी,
आई