टीबीच्या तपासणीचं पत्र आम्हालाच का?

प्रश्न : भारतातून बर्मिंगहॅमला येऊन आम्हाला दीड वर्ष झालं. परवा जीपीकडून, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडून, टीबीच्या रक्ततपासणीचं पत्र आलं. शेजारच्या इंग्रज जोडप्याला असलं काही येत नाही. हे म्हणतात, सरळसरळ वर्णभेद आहे, व्हिसाच्या वेळी एक्स-रे दिला होता की! सासूबाई फोनवर म्हणाल्या, कुणाजवळ बोलू नकोस. जावं का?

उत्तर : जा. दोघंही जा.

यजमानांचा राग समजतो, पण पत्र कातडीचा रंग पाहून निघालेलं नाही. टीबी जास्त असलेल्या देशांतून गेल्या 5 वर्षांत आलेल्या 16 ते 35 वयाच्या लोकांना इंग्लंडच्या काही भागांत ही तपासणी मोफत मिळते. इथल्या टीबी रुग्णांत बहुतेक जण परदेशात जन्मलेले, आणि त्यात भारतात जन्मलेले सगळ्यांत जास्त.

दोष आपल्या रक्ताचा नाही. लहानपणी खचाखच भरलेल्या वर्गात कुणीतरी खोकलं, जंतू आत गेले आणि झोपून राहिले. या सुप्त टीबीत खोकला नसतो, दुसऱ्याला लागण होत नाही, एक्स-रेही बहुधा स्वच्छच येतो. म्हणून व्हिसाचा एक्स-रे इथे पुरत नाही. बहुतेकांचे जंतू जन्मभर झोपलेलेच राहतात. काहींचे मात्र जागे होतात, आणि मधुमेह असेल तर ही शक्यता दुप्पट-तिप्पट होते. आपल्यात मधुमेह किती घरांत आहे, ते मी सांगायला नको. त्यात नवखेपणी एका खोलीत चौघं, बंद खिडक्या, पाळ्यांची नोकरी. कोविडमध्ये हेच दिसलं : इथल्या दक्षिण आशियाई घरांना जास्त झळ बसली, तेव्हा सरकारी अहवालांनीही बोट ठेवलं ते दाटीची वस्ती, लोकांत मिसळावं लागणारी कामं आणि एका छताखालच्या तीन पिढ्यांवर.

दंडावरचा बीसीजीचा, म्हणजे टीबीच्या लसीचा, व्रण पाहून निर्धास्त राहू नका. त्याचा आधार मुख्यतः लहान मुलांना. हां, त्या व्रणामुळे ही रक्ततपासणी चुकत नाही, एवढं बरं.

सासूबाईंचं मात्र ऐकू नका. या लपवालपवीपायीच आपली माणसं दोन-दोन महिने खोकत बसतात आणि तोवर घरातल्यांना लागण होते. टीबीचे उपचार इथे सगळ्यांना मोफत आहेत, व्हिसा कुठलाही असो. सुप्त टीबी निघाला तर साधारण 3 ते 6 महिने गोळ्या, आणि त्या काळात लिव्हरकडे लक्ष ठेवतात.

पुढेमागे घरात बाळ येणार असेल तर आई-वडील किंवा आजी-आजोबा भारतात जन्मलेले आहेत, हे मिडवाइफला आधीच सांगा. इथे बीसीजी सरसकट देत नाहीत, पण तुमच्या बाळाला मिळेल.