विदर्भातल्या खेड्यात थाई पद्धतीचा गोड भात नाश्त्याला झटपट कसा करावा?

तुम्ही विचारलंय की मुलांनी मोबाईलवर थायलंडचा आंबा-भात पाहिला आणि आता सकाळी तेच मागतात. गाव साकोलीपासून आत, तिथे ना स्टिकी राइस मिळत ना नारळाच्या दुधाचा डबा. मग शाळेच्या आधी घाईघाईत काय जमेल?

जमेल. फक्त तांदूळ ऑनलाइन मागवू नका. भंडारा जिल्ह्यातल्या माणसाने पार्सलने तांदूळ बोलवायचा म्हणजे अतीच झालं.

मी नागभीडकडचा. बायकोची बस लवकरची असते, त्यामुळे पोरांचा नाश्ता माझ्याकडे. थायलंडचा तांदूळ वेगळ्या जातीचा असतो हे खरंच. त्यात अमायलोज हा स्टार्चचा प्रकार जवळपास नसतोच, म्हणून दाणे एकमेकांना धरून बसतात. तिकडे तो काही तास भिजवून वाफेवर शिजवतात आणि गरम असतानाच नारळाच्या गोड दुधात मुरवतात. हुबेहूब तसा आपल्या तांदळाचा होणार नाही. पण नाश्त्याच्या वाटीत आपल्याला हवा असतो मऊ, जरासा चिकट आणि दूध पिऊन घेणारा भात. तो नव्या तांदळाचा उत्तम होतो. दिवाळीनंतर नवा धान भरडून आणला की घरोघरी एकच कुरकुर असते, "भात गिच्च झाला." तो गिच्चपणा इथे कामाचा. जुना, मोकळा होणारा तांदूळ मसालेभातासाठी राहू द्या.

जात कोणती? एचएमटी चालतो. आमच्याच तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडेंनी हा वाण निवडून काढला आणि नाव पडलं घड्याळाचं! पण तुमच्याकडे चिन्नोर असेल तर तोच घ्या. थायलंडमध्ये गोड पदार्थांत सुवासासाठी पांदानची पानं टाकतात. त्या पानांत जो मुख्य सुगंधी घटक असतो तोच आपल्या सुवासिक तांदळांतही असतो. म्हणजे चिन्नोर घेतला तर तो वास आपोआप आला. केवडा हा पांदानचा भाऊबंद खरा, पण त्याचा वास निराळा आणि फार उग्र. केवड्याचं इसेन्स टाकू नका, नाश्त्याला लग्नातल्या मिठाईचा वास येतो. उष्णा तांदूळही नको, तो काही केल्या चिकटत नाही. आणि राइस मिलमधून आणलेली कनकी घरात असेल तर तिची पेज इतकी छान दाटते की मी कधी कधी मुद्दाम तीच घेतो. स्वस्त तर आहेच.

आता नारळ. मंदिरात फोडलेला, पूजेतला, कुठलाही चालतो, फक्त आतून खवट वास नको. अर्धा नारळ खवा, त्यावर एक वाटी गरम पाणी ओता, हाताला सोसेल एवढंच गरम. दहा मिनिटांनी मिक्सरमधून फिरवून पातळ कापडातून पिळा. लाइन गेली असेल तर कीस पाण्यात हातानेच चोळून पिळा, दूध जरा कमी निघेल, एवढंच. हे पहिलं दाट दूध अर्धी वाटी बाजूला काढा. उरलेल्या चोथ्यावर पुन्हा वाटीभर गरम पाणी घालून दुसरं पातळ दूध काढा. हे काम आदल्या रात्री करून फ्रिजमध्ये ठेवलं तर सकाळी दहा मिनिटं वाचतात. सुकं खोबरं वापरायचं तर किसून गरम पाण्यात अर्धा तास तरी भिजवा. त्याचं दूध थोडं तेलकट होतं, पण चालून जातं.

सकाळी गंजात पातळ दूध आणि बोटाच्या पेराएवढं ठेचलेलं अद्रक टाका. उकळी यायच्या बेताला दोन वाट्या शिजलेला भात घाला आणि सराट्याने गुठळ्या फोडा. रात्री फ्रिजमध्ये ठेवलेला भात दगडासारखा होतो, त्याला घाबरू नका. थंडीने स्टार्च आवळून बसतो, ओल आणि उष्णता मिळाली की परत सैल पडतो. मात्र तो मऊ होईपर्यंत गूळ घालू नका, गूळ आधी पडला तर दाणा तसाच चरबट राहतो. पाच-सहा मिनिटांत भात दूध ओढून घेतो. मग तीन चमचे चिरलेला गूळ घाला, विरघळला की आच बंद करा आणि पाच मिनिटं झाकून ठेवा. गाईच्या दुधात गूळ घातला की ते फाटायची धास्ती असते, नारळाच्या दुधात तसं होत नाही. फक्त ते खळाखळा उकळू देऊ नका, नाहीतर तेल वर येतं.

या पदार्थाची खरी गंमत मिठात आहे. बाजूला काढलेल्या दाट दुधात पाव चमचा मीठ आणि अर्धा चमचा तांदळाचं पीठ घालून मंद आचेवर साय धरल्यासारखं होईपर्यंत हलवा, आणि वाढताना गोड भातावर चमचाभर ओता. आपल्याकडे गोडात मीठ म्हणजे फार तर चिमूट. इथे वरचं दूध जिभेला चक्क खारट लागायला हवं, तेव्हाच खालचा गूळ उठून दिसतो. माझ्या आईने पहिल्यांदा नाक मुरडलं होतं, आता तीच वरचं दूध जास्त मागते.

वर फळ हंगामाप्रमाणे. थायलंडमध्ये आंब्याच्या फोडी ठेवतात. आपला गावरान आंबा रेषाळ, तो कापायच्या भानगडीत पडू नका, रस काढून बाजूला ओता. फोडीच हव्या असतील तर मे महिन्यात बाजारात येणारी बैंगनफल्ली घ्या. हिवाळ्यात पिकलेलं केळं किंवा सिताफळाचा गर. संत्र्याच्या फोडी मी भात थोडा निवल्यावरच ठेवतो, गरम दुधात आंबटपणा उतरला की ते फुटल्यासारखं दिसतं. भाजलेले तीळ हवेतच. तिकडे त्यावर कुरकुरीत मूगडाळही भुरभुरतात, त्यासाठी किराण्यातलं खारं मूगडाळीचं पाकीट फोडलं तरी काम भागतं.

मुलांना चॉकलेट आवडत असेल तर फिलिपिन्समध्ये याच जातकुळीचा एक नाश्ता आहे, चंपोरादो. चिकट तांदळाची पेज आणि त्यात कोको. वरच्याच कृतीत गुळाबरोबर दोन चमचे कोको पावडर टाकली की झालं, ती तालुक्याच्या दुकानात मिळते. तिकडे या गोड पेजेबरोबर सुकी मासळी तळून खातात. झाडीपट्टीत सुकी मासळी घरोघरी असते, त्यामुळे करून बघायला हरकत नाही. माझ्या पोरांनी मासळी वेगळी खाल्ली आणि पेज वेगळी.

एक गोष्ट उन्हाळ्यात सांभाळा. रात्रभर बाहेर राहिलेला भात यासाठी वापरू नका. शिजवल्यावरही तांदळात काही जंतूंचे बीजाणू टिकून राहतात, गरमीत ते वाढतात आणि त्यांचं विष पुन्हा उकळूनही जात नाही. एप्रिल-मे मध्ये आपल्या भागात रात्रीसुद्धा घर तापलेलं असतं. फ्रिज नसेल तर सकाळी वाटीभर ताजा तांदूळ कुकरला लावा, पाणी नेहमीपेक्षा थोडं जास्त, आणि तोवर नारळ खवून घ्या. डब्यात द्यायचा असेल तर खारं दूध वेगळ्या डबीत द्या, कारण दुपारपर्यंत भात सगळं ओढून घट्ट वडी होतो.