‘हृदि अयम्’ म्हणून हृदय?

प्रश्न असा आहे: प्रवचनात ऐकलं की ‘हृदि अयम्’, म्हणजे हा आत्मा हृदयात आहे, म्हणून ‘हृदय’. ही व्युत्पत्ती खरी का?

व्युत्पत्ती म्हणून नाही. पण बुवांनी ती पदरची घातलेली नाही. छांदोग्य उपनिषदात (८.३.३) ती आहे, आणि तिथे तिला ‘निरुक्त’ असंच म्हटलंय. निरुक्त किंवा निर्वचन म्हणजे शब्द फोडून त्याचा अर्थ उलगडणं. आता गंमत बघा. ‘हृदि’ ही ‘हृद्’ची सप्तमी. म्हणजे हृदयाची फोड करताना हृदय आधीच हाताशी धरलंय! एवढं व्याकरण त्या ऋषींना कळत नव्हतं, असं मला तरी वाटत नाही. त्यांना शब्दाचा जन्मदाखला नकोच होता; हे नाव त्या जागेला का शोभतं, ते सांगायचं होतं.

बृहदारण्यकात (५.३) तर याच शब्दाची निराळी फोड आहे. हृ, द, यम् अशी तीन अक्षरं: हे जाणणाऱ्याला लोक ‘हृ’मुळे आणून देतात (अभिहरन्ति), ‘द’मुळे देतात (ददति), आणि ‘यम्’मुळे तो स्वर्गलोकी जातो (एति). व्युत्पत्तीत एक खरी ठरली की दुसरी बाद होते. निर्वचनात दोन्ही सुखाने नांदतात.

यामागे शब्दाकडे बघायची एक नजर आहे. शतपथ ब्राह्मण म्हणतं, इंद्राचं खरं नाव ‘इन्ध’, म्हणजे पेटवणारा. ‘इंद्र’ हे आडून घेतलेलं नाव, कारण देवांना परोक्ष, म्हणजे आडपडद्याचं, आवडतं. नाव म्हणजे पडदा, आणि निर्वचन तो सरकवतं. वेदातल्या शब्दांची निर्वचनं देणारा प्राचीन आचार्य यास्क तर बजावतोच, ‘न त्वेव न निर्ब्रूयात्’: काही झालं तरी निर्वचन सोडू नये. एकट्या ‘अग्नी’ची तो चार-पाच निर्वचनं देतो, इतरांची मतंसुद्धा नावानिशी. सगळेच मान डोलावत होते असंही नाही. सगळी नामं धातूंपासून येत नाहीत, हे गार्ग्य या जुन्या आचार्याचं म्हणणं आपल्याला यास्काकडूनच कळतं. कौत्स नावाचा दुसरा आचार्य तर वेदमंत्रांना अर्थच नाही म्हणाला.

इतिहास विचाराल तर ‘हृद्’ हा ग्रीक ‘कार्दिआ’चा भाऊबंद. प्राकृतात हृदयाचं ‘हिअअ’ झालं, ज्ञानेश्वरीत ‘हियें’ भेटतं, आणि आपण अजूनही ‘हिय्या करून’ पाण्यात उडी मारतो, तो हिय्या त्याच घरचा.